सरकारी कचेरी आणि खाजगी कंपनी : काम कुठे होते, आणि चुकले तर उत्तर कोण देते? (अनुभव धागा)

धागाकर्ती, फोंडा

वडिलांच्या पश्चात मला एकाच वेळी दोन ठिकाणी खेटे घालावे लागले. एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर आम्हा भावंडांची नावे चढवण्यासाठी सरकारी कचेरीत, आणि वडिलांच्या खात्यातून चुकून कापला गेलेला विम्याचा हप्ता परत मिळवण्यासाठी एका खाजगी बँकेत. बँकेत बसायला खुर्ची मिळे आणि दोन मिनिटांत कोणीतरी आपुलकीने विचारपूस करी. पण माझ्या अर्जावर निर्णय कोण घेणार, हे सात महिन्यांत मला कोणीही सांगू शकले नाही. कचेरीत मी बाकावर तासन्‌तास बसले, तरी कागद कोणत्या टेबलावर आहे आणि सही कोणाची व्हायची आहे, हे दर वेळी कळत होते.

‘सरकारी म्हणजे ढिसाळ, खाजगी म्हणजे तत्पर’ असे आपण सरसकट म्हणतो. ते कितपत खरे आहे, हे तुमच्या अनुभवांतून समजून घ्यायचे आहे. कचेरीचे, कंपनीचे किंवा व्यक्तीचे नाव घेऊन तक्रार नको. ज्यांनी काउंटरच्या आत बसून काम केले आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

निवृत्त कारकून, डिचोली

मी ३४ वर्षे सरकारी नोकरी केली. फाईल अडते ती दर वेळी आळसामुळे किंवा चिरीमिरीसाठीच असे नाही. कनिष्ठ कारकून असताना मी नियमात बसणाऱ्या एका परवान्यावर अनुकूल टिपण लिहिले. पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला आणि दोन वर्षे मी खुलासे देत राहिलो. त्याच टेबलावर माझ्याआधी बसणाऱ्या गृहस्थांनी तीन-तीन महिने कागद दाबून ठेवले होते, त्यांच्याकडे कोणी एका ओळीचा खुलासा मागितला नाही. निर्णय घेणाऱ्याच्या मागे चौकशी आणि न घेणारा मोकळा, अशी रीत असेल तर माणूस ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाईल वर पाठवायला शिकतो. मीही शिकलो. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या शेऱ्याखाली कोणाचे तरी घर अडलेले असे.

फरक पडला तो माहितीच्या अधिकारामुळे. गोव्याने असा कायदा १९९७ मध्येच केला होता, परंतु आमच्या कचेरीत वचक जाणवू लागला तो केंद्राचा २००५ चा कायदा आल्यावर. त्यात उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे, आणि योग्य कारणाशिवाय ती चुकवली तर माहिती अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत, दंड होऊ शकतो. टिपणाखाली तारीख घालण्याची सवय आम्हाला त्यानंतर लागली; पूर्वी नुसती आद्याक्षरे असत.

२०१३ मध्ये गोव्याने ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदाही केला. त्याखाली अपील घेऊन आलेला माणूस मात्र मी क्वचितच पाहिला. लोक ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन आणणे पसंत करत. त्या फोनने एकाचे काम होते आणि रांगेतले बाकीचे एकेक जागा मागे सरकतात, हे फोन आणणाऱ्याला दिसत नसे. मला टेबलावरून रोज दिसे.

खाजगी नोकरी, पणजी

वरचे वाचून मला माझी नोकरी आठवली. एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात मी पाच वर्षे होते. तक्रार नोंदवली की २४ तासांच्या आत ती निकाली निघाली पाहिजे, असा दंडक होता, आणि आमची पगारवाढ त्या आकड्यावर ठरे. त्यामुळे केबल दुरुस्त झाली नसली तरी ‘ग्राहकाशी संपर्क साधला’ असे लिहून आम्ही तक्रार बंद करत असू. ग्राहकाने पुन्हा फोन केला की नवा क्रमांक, नवे २४ तास. ग्राहकाला आडनाव सांगण्याची आम्हाला मुभा नव्हती. कामात कुचराई केली तर मला महिन्याभरात काढून टाकता आले असते, म्हणजे उत्तर मला द्यावेच लागे, पण ते वरिष्ठांना. मडगावात बंद पडलेल्या कनेक्शनपुढे बसलेल्या दुकानदाराला नव्हे.

परिचारिका, वाळपई

मी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात) कामाला आहे; रोज वाळपईहून बांबोळीला येते. सकाळी गर्दीच्या वेळी खाजगी बस दोन पावले पुढे असते, वाटेत कुठेही थांबते, कंडक्टर ओळखीचा असतो. संध्याकाळी आठ-दहाच प्रवासी असले की तीच बस शेवटची खेप रद्द करते, कारण डिझेलचा खर्चही सुटत नाही. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचे पोट दिवसाच्या गल्ल्यावर आहे. सरकारी बस चालवणारे कदंब महामंडळ तोट्यात चालते म्हणून टीका होते. परंतु पाच प्रवासी घेऊन गावात रात्री उतरवणारी गाडी तोट्यात चालणारच. त्या तोट्यात माझे सुखरूप घरी पोहोचणेही आहे, ते कोणत्या रकान्यात मांडायचे?

बागायतदार, पेडणे

थोडेच लिहितो. वीज हे गोव्यात आजही सरकारी खाते आहे. जूनमध्ये फणसाची फांदी तारांवर पडली, तेव्हा भर पावसात रात्री अकराला लाइनमन खांबावर चढला. फोन मात्र चौथ्यांदा उचलला गेला. दोन्ही खरे आहे.

धागाकर्ती, फोंडा

सर्वांची मनापासून आभारी आहे. माझे पुढे काय झाले ते सांगते. बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, हे मला फार उशिरा कळले. तक्रार केल्यावर हप्ता परत आला. माफी किंवा कारण काहीही आले नाही, आणि खाजगी बँकेकडे माहितीच्या अधिकारात विचारताही येत नाही.

म्युटेशनला, म्हणजे उताऱ्यावर नावे चढवायला, लागलेल्या वेळाबद्दल मात्र माझे मत बदलले आहे. नावे चढवण्यापूर्वी हितसंबंधी सर्वांना नोटीस जाते, आणि हा काळ मला वाया गेलेला वाटत होता. त्या नोटिशीमुळेच मुंबईच्या चुलत बहिणीला कळले की तिच्या आईचे नाव आमच्या अर्जात राहून गेले आहे. चूक आमची होती. कोणी ‘तातडीने’ काम करून दिले असते, तर तिचा वाटा कागदावरून पुसला गेला असता. नोटिशीची मुदत संपल्यानंतर कागद विनाकारण पडून राहिला ते अकरा आठवडे मात्र मी माफ करू शकत नाही.

आता पंचायतीत घरपट्टी नावावर करायची आहे. २०१३ च्या कायद्याखाली प्रत्यक्ष अपील केलेले कोणी येथे असेल, तर अर्ज कोणाकडे दिला, पोच कशी मिळाली आणि किती दिवस लागले, हे सविस्तर लिहावे.