पन्हाळा ते पावनखिंड, एवढ्या पावसानंतर शनिवारी निघावं का?

पुणेरी_पायपीट
नमस्कार मंडळी, शनिवार-रविवार पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जायचं ठरवलंय. मी, आतेभाऊ आणि ऑफिसातले दोघं, कुठला ग्रुप वगैरे नाही. करपेवाडीत एका घरी मुक्कामाचं बोलून ठेवलंय. पण तिकडे चार दिवस नुसता कोसळतोय, कोल्हापुरातला राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, आजच जरा उघडीप आहे म्हणे. राजगड-तोरणा एका दिवसात केलाय त्यामुळे चालायचं टेन्शन नाही, आई मात्र सकाळपासून पुराचे व्हिडिओ पाठवतीये. जायचं का पुढे ढकलायचं? आणि बूट कुठले घालू?

मसाईचा_वारा
भावा, राजगड-तोरणा पहिलं डोक्यातनं काढ. तिथं चढ दमवतो, हितं चिखल. दोन दिवसात पन्नासेक किमी चाल हाय आणि त्यात निम्मी वाट लाल राबडीतनं, पाय उचलला की पाय येतोय वर, बूट ऱ्हातोय खाली. म्हाळुंग्यातनं मसाई पठारावर गेलं की वाटतंय आता सपाट हाय, पळूया, पण जांभ्यावर शेवाळ असतंय, माझा मित्र तिथंच आपटला आणि मनगट मोडून घेतलं, ते पण फोटो काढताना. धुकं आलं तर दहा फुटावरचा माणूस दिसत नाय. पठार लांबलचक, वाट चुकतात ती तिथंच. गावातला एखादा माणूस संगं घ्या, पैसे द्या त्याला, लाजू नका.

रानवाट_७२
वर लिहिलंय ते खरंच, पण माझ्या मते जायचं की नाही हे ओढे ठरवतात, चिखल नाही. मी तीनदा केलाय हा ट्रेक. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आंबर्ड्याच्या पुढे एका ओढ्यापाशी अडकलो, एरवी पोटरीएवढं पाणी असतं, त्या दिवशी चहाच्या रंगाचं आणि आत दगड गडगडल्याचा आवाज. आमच्यातले दोघं हात धरून जाऊ म्हणत होते. तेवढ्यात इरलं घेतलेल्या एक आजी लावणीवरून आल्या, म्हणाल्या, बसा की गं जरा, कुठं आग लागलीया. त्यांनीच पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली. दीड तासाने पाणी काटकीपासून वीतभर मागे गेलं होतं, मग त्यांनी दाखवलेल्या रुंद जागेतून गुडघ्याएवढ्या पाण्यातून पार झालो. हे ओढे छोट्या डोंगरांवरचे, पाऊस थांबला की उतरतात पण चढतातही तसेच, अगदी अर्ध्या तासात. पाण्यात उतरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेव, पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तळ दिसत नसेल तर सरळ मागे फिर, रस्त्याला लाग आणि वडाप (शेअर जीप) पकड. १६६० साली महाराजांच्या मागे सिद्दीचं सैन्य होतं, तुझ्यामागे सोमवारचं ऑफिस आहे.

गुडघेदुखी
सोमवारचं ऑफिस पण काय कमी नाही हो 😂
बुटाचं सांगतो. वॉटरप्रूफ महागडे बूट घेऊ नकोस, पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर येत नाही, दिवसभर बादलीत पाय. ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग बूट बास. मुक्कामाला घालायचे कोरडे मोजे आणि कपडे दोन-दोन प्लास्टिक पिशव्यांत बांध, सॅकच्या कव्हरवर विसंबू नको. मांड्यांना व्हॅसलीन लाव, हे कुणी सांगत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळे फेंगडे चालतात. जळवांना मीठ. सुटल्यावर रक्त बराच वेळ येत राहतं, घाबरू नको, तिच्या लाळेनं ते गोठत नाही.

मसाईचा_वारा
आणि एक, चिखल चुकवायला भाताच्या बांधावरनं चालू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातंय, आणि शिव्या आमी खातोय.

पुणेरी_पायपीट
धन्यवाद सगळ्यांना. करपेवाडीच्या काकांना आत्ता फोन केला. ते म्हणाले, या की, जेवण करून ठेवतो, फक्त काल ओढा साकवावरनं चालला होता. हे "फक्त" ऐकून आतेभावाने तिथल्या तिथे बस कॅन्सल केली. पुढच्या शनिवारचं बघतोय, शुक्रवारी संध्याकाळी काकांना परत फोन करून मगच तिकीट काढणार. रानवाट ताई, तो ओढा मुक्कामाच्या अलीकडे लागतो का पलीकडे?

रानवाट_७२
अलीकडेही आहेत, पलीकडेही. काकांना विचार, त्यांना रोजचं माहीत असतं.