चोरट्या प्रती आणि मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार

प्रश्न : संगणक प्रशिक्षक, नाशिक रोड

मी येथे संगणकाचे वर्ग चालवतो. आमच्याकडे लिब्रेऑफिस हा मुक्त (कोणालाही वापरता, वाटता आणि बदलता येणारा) कार्यालयीन सॉफ्टवेअरचा संच शिकवायला सुरुवात केली, तेव्हा अनेक पालकांनी विचारले की, मुलाच्या घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस आधीच आहे आणि त्यासाठी त्यांना काही द्यावे लागलेले नाही, मग हे वेगळे कशासाठी? ती प्रत बहुधा संगणक जोडून देणाऱ्यानेच क्रॅक करून (परवान्याची तपासणी निकामी करून) टाकलेली असते. सॉफ्टवेअरच्या चोरीमुळे कंपन्यांचे नुकसान होते, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु खरे नुकसान मुक्त सॉफ्टवेअरचेच होते, असे मला प्रकर्षाने वाटू लागले आहे. आपला अनुभव काय आहे?

उत्तर १ : आरेखक, अंबड

आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि औद्योगिक वसाहतीत ते अधिकच स्पष्ट दिसते. आयटीआय किंवा पदविका करणारा मुलगा घरी ऑटोकॅड या रेखाचित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या प्रतीवर सराव करतो, त्यावरच त्याचा हात बसतो आणि नोकरीला येताना तो तेच कौशल्य घेऊन येतो. छोटे जॉबवर्क करणारा कारखानदार काही वर्षे तशाच प्रतीवर काम भागवतो. पुढे एखाद्या मोठ्या ग्राहकाने परवान्यांची विचारणा केली की तो अधिकृत परवाना विकत घेतो. पण घेतो तो ऑटोकॅडचाच, कारण त्याच्याकडच्या सगळ्या माणसांना तेच येते आणि वर्षानुवर्षांची रेखाचित्रे ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी या फाइल-स्वरूपात साठलेली असतात. म्हणजे ज्या काळात फुकट असल्यामुळे फ्रीकॅड किंवा लिब्रेकॅड या मुक्त पर्यायांचा विचार झाला असता, नेमका तोच काळ चोरटी प्रत व्यापून टाकते.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे समजू नये. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून मायक्रोसॉफ्टच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रती फुकट वाटण्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली होती. त्यांनीच १९९८ मध्ये चीनविषयी बोलताना, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, सवय लागल्यावर वसुलीचा मार्ग पुढे शोधता येईल, या आशयाचे मत मांडले. घरगुती चोरीकडे काणाडोळा आणि धंद्यातल्या चोरीवर नोटीस, हा व्यवहार मला याच विचारातून आलेला दिसतो.

उत्तर २ : डीटीपी व्यावसायिक, पंचवटी

केवळ किमतीचा मुद्दा धरला तर चित्र अपुरे राहील. आमच्या धंद्यात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, आणि जुना मराठी मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांसाठीचे समान संकेतन) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती अक्षरे निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. चोरट्या प्रती उद्या बंद झाल्या तरी हा साठा आम्हाला इंकस्केप या मुक्त पर्यायाकडे जाऊ देणार नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल, आणि त्या कष्टाचा मोबदला कोणताही ग्राहक देत नाही.

उत्तर ३ : वकील, नाशिक

कायद्याची बाजू मांडतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरटी प्रत आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायात नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कारावास टाळू शकते.

येथे एका गोष्टीकडे मुक्त सॉफ्टवेअरच्या समर्थकांचेही दुर्लक्ष होते. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली दिला जातो, तो परवानाही कॉपीराइटच्याच बळावर उभा आहे. बदल करून वितरण करणाऱ्याने मूळ संहिता (सोर्स कोड) खुली ठेवली पाहिजे, ही अट लेखकाच्या हक्कातूनच येते. म्हणून परवाना म्हणजे कागदावरची औपचारिकता, ही समजूत समाजात रुजली, तर ती जीपीएललाही तितकीच मारक ठरते.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. पंचवटीच्या सदस्यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवण्याचा मार्ग धरला, तेव्हा निदान त्या मुलांची पहिली सवय वेगळी घडली. माझ्या वर्गात मी तेवढे नक्कीच करू शकतो. पुढील तुकडीपासून मराठीचे टंकलेखन फक्त युनिकोडमध्ये, भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिकवीन आणि फाइली ओडीएफ या खुल्या फाइल-स्वरूपात साठवायला लावीन. ते २००६ पासून आयएसओ प्रमाणित स्वरूप आहे. अंबडच्या सदस्यांना एक विचारायचे आहे : आपले ग्राहक डीडब्ल्यूजीऐवजी डीएक्सएफ या, इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या स्वरूपातील रेखाचित्र स्वीकारतात का? तसे असेल, तर पदविकेच्या मुलांसाठी लिब्रेकॅडचा वर्गही सुरू करता येईल.

उत्तर ४ : आरेखक, अंबड

लेझर कटिंगवाले तर डीएक्सएफच मागतात, त्यामुळे द्विमितीय कामापासून अवश्य सुरुवात करावी. मोठ्या ग्राहकांच्या जोडणीच्या रेखाचित्रांसाठी मात्र डीडब्ल्यूजीला अजून पर्याय नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.