भट्टीखालची काळी माती
भट्टीच्या घुमटाचे सांधे भरायला सिमेंट नको, मातीचाच गारा (कालवलेला चिखल) हवा, असं म्हणतात ते अगदी पटतं. एवढ्या तापात सिमेंटचे सांधे भुसभुशीत होऊन गळतात. पण भट्टीखालच्या जमिनीचं कुणीच बोलत नाही. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. परभणीजवळ मी पहिली भट्टी तशीच शेतात बांधली आणि मे महिन्यात जोत्यापासून थेट घुमटापर्यंत तडा गेला, फार जीवाला लागलं. मग तीन फूट काळी माती काढून मुरूम भरला, थराथराला पाणी मारून चोपला. आता दोन पावसाळे झाले, भट्टी जागची हललेली नाही.

गाऱ्यातही काळी माती नकोच, वाळताना आकसते. गढीची, म्हणजे जुन्या पडक्या मातीच्या वाड्याची, पांढरी माती नि चाळलेली वाळू घ्या, भुसकट फक्त वरच्या लेपात.