मदत हवी आहे: हॅडिक्सच्या सामन्यात १-० कसे झाले?

नमस्कार मंडळी, बेसबॉलचे नियम पक्के माहीत असणारं कुणी आहे का इथे?

२६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) हार्वे हॅडिक्स याने मिलवॉकीच्या ब्रेव्हज संघाचे ओळीने ३६ फलंदाज बाद केले. १२ डाव एकालाही पहिला बेस (धाव पूर्ण करताना गाठायचा पहिला टप्पा) गाठू दिला नाही! पण समोर ब्रेव्हजचा पिचर ल्यू बर्डेटही धाव देईना, म्हणून ०-०. तेराव्या डावात पायरेट्सच्या डॉन होकची फेक चुकली आणि फेलिक्स मँटिला बेसवर पोचला. एडी मॅथ्यूजच्या बंटवर (बॅटने चेंडू हलकेच जवळ टाकणं) मँटिला दुसऱ्या बेसवर गेला, हँक एरनला मुद्दाम चालत पहिला बेस दिला. मग जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. एरनला ते कळलंच नाही, तो मधूनच मैदान सोडून निघाला आणि ॲडकॉक त्याच्या पुढे गेला. होमरनचा (फलंदाज सगळे बेस फिरून धाव काढतो तो फटका) डबल (दोन बेसचा फटका) धरला गेला, अखेरचा निकाल १-०.

ॲडकॉक बाद, हे पटतं. पण चेंडू कुंपणापार गेल्यावर एरनची धाव का धरली नाही? नेमका कोणता नियम लागला? हा सामना मुलांना समजावून सांगायचाय, अर्धवट सांगायला जीव होत नाही. त्या सामन्याचं स्कोअरकार्ड कुणाकडे असेल तर तेही नक्की टाका.