लाकडाला रंग लावायचा, द्यायचा, की मुरवायचा?

खानापूरची लेक
माहेरच्या माडीची जमीन सागवानी फळ्यांची आहे, आजोबांनी घातलेली. इतक्या वर्षांत जिन्यापासून खिडकीपर्यंतची वाट पायांनी झिजून पांढुरकी झाली होती, जुनं पॉलिश भिंतीच्या कडेला तेवढं उरलं होतं. या उन्हाळ्यात सगळी घासून घेतली. मशीन फिरलं आणि खालून मधाच्या रंगाचं कोरं लाकूड निघालं. मी मिस्त्रींना म्हणाले, "याला जरा गडद सागाचा रंग लावा," आणि जेवायला खाली आले. परत वर जाऊन बघते तर खिडकीजवळच्या तीन फळ्या तपकिरी ऑइलपेंटने रंगवलेल्या. लाकडाची एक रेषा दिसेना. मी रडकुंडीला आले. ते म्हणाले, "तुम्हीच रंग लाव म्हणालासा की अक्का!"

त्यांची चूक नव्हती. मला हवा होता तो स्टेन, म्हणजे लाकडाच्या रेषा तशाच ठेवून नुसती छटा बदलणारा. मग आईसाठी डब्यावरची सूचना मराठीत करायला बसले, तर "डाग सारखा पसरवा, जादा डाग पुसून घ्या" असं झालं. आई म्हणाली, डाग काढायलाच तर एवढा खर्च केला. बाबा म्हणतात याला जुना शब्द 'रोगण' आहे. आई म्हणते रोगण म्हणजे पेंटच. कोणाचं बरोबर? आणि मिस्त्रींना नक्की काय सांगू?

निपाणीकर (निवृत्त शिक्षक)
ताई, आई-बाबा दोघांचंही बरोबर आहे. रोगण फारसीतून आला. तिकडे रोगन म्हणजे तेल, तूप, स्निग्ध पदार्थ. बदाम रोगन आणि रोगनजोश यांत तोच आहे. तेलात कालवून लाकडावर जे काही फासलं ते रोगण, मग खालचं दिसो वा न दिसो. म्हणूनच तुमच्या कामाला तो उपयोगी नाही.

मराठीला स्वतःचा शब्द घडवता येतो यावर माझा विश्वास आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ते याच श्रद्धेने. मी 'काष्ठरंजक' सुचवतो. रंज् धातूचा मूळ अर्थच रंगणे. मनोरंजनातसुद्धा मन रंगतंच.

शहापूरचा सुतारपुत्र
सर, शब्द सुंदर आहे, पण तो दुकानात मागून बघा. गल्लीतला मिस्त्री कोकणी, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार भाषांत काम करतो. त्याला पाचवी कशाला शिकवायची?

माझ्या वडिलांनी उभा जन्म रंधा मारला. त्यांच्या तोंडी या वस्तूला नामच नव्हतं, क्रियापद होतं. पेंट बसतो, पॉलिश चढतं आणि स्टेन मुरतो. "दहा मिनिटं मुरू दे, मग पूस," हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. लोणचं मुरतं तसंच. ताई, मिस्त्रींना "रंग मुरवून पुसून घ्या" एवढंच सांगा. पुसायचं म्हटलं की ऑइलपेंटचा डबा कोणी उघडणार नाही.

आणखी एक. छटा डब्यावरच्या चित्रावरून ठरवू नका. घासलेल्या फळीवर ओलं फडकं फिरवा. पाणी वाळायच्या आत जो रंग दिसतो, साधारण तोच नुसत्या पॉलिशखाली दिसतो. तोच आवडला तर स्टेनची गरजच नाही. आमच्याकडच्या जुन्या सागाला मी तरी काही मुरवणार नाही, त्याचा स्वतःचा रंग फार देखणा असतो. मुरवायचंच असेल तर घासणं ८० किंवा फार तर १२० नंबरच्या पेपरवर थांबवा. त्याहून गुळगुळीत केलं की लाकडाची रंध्रं बुजतात आणि रंग आत जात नाही. साग मुळात तेलकट, म्हणून आधी थिनरचं फडकंही मारून घ्या.

धारवाडची सून
मी मूळची येळ्ळूरची, आता सासरी कन्नड बोलते. तुमच्या मिस्त्रींचा घोटाळा मला कन्नडमधून लख्ख दिसतो. तिकडे 'बण्ण हच्चु' म्हणजे रंग लाव. भिंत असो, लाकूड असो, बैलाची शिंगं असोत. आणि गंमत म्हणजे 'दीप हच्चु' म्हणजे दिवा लाव! आपल्या 'लावणे'चंही तेच. रंग लावतो, दिवा लावतो. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण एका ओट्यावर बसून बोलून बोलून त्यांची क्रियापदं सारखी झालीत. कोणी कोणाकडून घेतलं हे विचारायला मला आवडत नाही, पण हे जुळलेलं बघून फार बरं वाटतं.

पुण्यातला बेळगावकर
'लावणे'ला पर्याय 'देणे' आहे, आणि तो आमच्या घरी चालायचा. आजी म्हणायची, "दरवाजाला पाणी दिलंय, हात लावू नको." सोन्याचं पाणी देतात तसं सागाचं पाणी द्यायचं. माझ्या मते स्टेन म्हणजे पाणी. छोटा शब्द, शिवाय घरचा.

निपाणीकर
सोन्याचं पाणी म्हणजे मुलामा. तो पृष्ठभागावरचा पातळ थर आहे, आत काहीच जात नाही. इथे तर आत मुरण्यालाच महत्त्व आहे. उदाहरण उलटं पडतं.

पुण्यातला बेळगावकर
सर, कोयत्याला पाणी देतात ते? तापवून पाण्यात बुडवलं की कडकपणा पात्याच्या अंगात उतरतो. पाणीदार तलवार म्हणतो ती वरून चकाकते म्हणून नव्हे. मी आजीचा शब्द सोडणार नाही.

चंदगडकर
आमच्याकडे स्टेनही नाही आणि पाणीही नाही, बेलतेल. माळ्याला, दारांना, नांगराला, सगळ्याला बेलतेल. हे बेलफळाचं नव्हे, जवसाचं उकळलेलं तेल. 'बॉइल'चं 'बेल' झालं असं माझं ठाम मत आहे. काही घरांत तुळयांना काजूबियांच्या टरफलाचं तेल फासतात. लाकूड काळं होतं, पण वाळवी फिरकत नाही. पायाखालच्या फळ्यांना मात्र ते नको. अंगावर उततं.

बेलतेल वापरणाऱ्यांनी एक नक्की पाळा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. आमच्या शेजारच्या गोठ्यात असा धूर निघालेला मी लहानपणी पाहिलाय. फडकी दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

निपाणीकर
'बेल'ची ही व्युत्पत्ती मला पटत नाही. इंग्रज यायच्या आधी आपले लोक तेल उकळत नव्हते का?

चंदगडकर
उकळत होते, सर. पण तेव्हा त्याला बेलतेल म्हणत होते याचा एखादा जुना दाखला द्या, मी मत बदलतो.

खानापूरची लेक
मंडळी, माझं अजून अडलंय! छटेचं ठरलं, ओलं फडकं फिरवून बघितलं आणि साग आहे तसाच ठेवतेय. आता मिस्त्री विचारतात, "पॉलिश कुठलं?" म्हणजे 'पॉलिश' हाही एक शब्द नाही का?

शहापूरचा सुतारपुत्र
नाही, ताई. वडिलांचं पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने घोटायची. वीस-वीस हात. कपाटाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण जमिनीला नको. गरम तपेलं टेकलं किंवा पाणी सांडलं की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि खानापूर-जांबोटीच्या पावसाळी दमट हवेत हात मारला तर सगळंच धुरकट होतं. आजचे मिस्त्री पॉलिश म्हणतात ते बहुतेक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पारदर्शक वॉर्निश. त्यात तेलाचं घेतलं तर पिवळसर झाक येते आणि वाढत जाते, पाण्याचं घेतलं तर लाकूड जवळजवळ आहे तसं दिसतं. चकचकीत घेऊ नका. त्यावर प्रत्येक ओरखडा आणि धूळ दिसते. मंद झळाळीचं घ्या आणि मृगाच्या आत उरका.

पुण्यातला बेळगावकर
'मंद झळाळी'ला 'ओप' म्हणा की! ओप चढवणे.

निपाणीकर
ओप सोन्या-रुप्याचा. लाकडाला जिल्हई. आणि लाखेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, इंग्रजीतलं 'लॅकर' आपल्या लाखेवरूनच पोर्तुगीजमार्गे तिकडे गेलं. जो शब्द आपण दिला तो आपणच उसना मागतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या चितारआळीत जा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते. तिथे लाखकामच म्हणतात, लॅकर नाही.

शहापूरचा सुतारपुत्र
इथे मी सरांच्या बाजूने. लाख चढते. 'चढणे' टिकलं म्हणजे झालं. ताई, त्या तीन रंगवलेल्या फळ्या खरवडू नका, ऑइलपेंट रंध्रांत राहतो. खिळे काढून उलट्या करून ठोका. जुन्या फळ्यांना खाच नसेल तर सहज जमेल, खालची बाजू कोरीच असणार.

खानापूरची लेक
उलटल्या! खाच नव्हती. खालचं लाकूड इतकं ताजं, की घासल्यावर वास आला. आणि तिन्ही फळ्यांवर जुन्या सुताराची पेन्सिल आहे. नंबर कन्नड आकड्यांत, आणि मधल्या फळीवर देवनागरीत एकच शब्द, 'किडकी'. बाबा म्हणतात त्याने कीड लागलेली फळी म्हणून खूण केली असणार, ती वापरूच नको.

धारवाडची सून
थांबा, थांबा! फळी खिडकीजवळची ना? आमच्याकडे खिडकीला 'किडकी'च म्हणतात. त्याने जागा लिहिलीय.

निपाणीकर
कन्नडमध्ये 'किटकी'. आणि देवनागरीत लिहिणारा सुतार 'ख' चुकेल असं वाटत नाही. किडकी म्हणजे किडकीच.

खानापूरची लेक
सर, विजेरी धरून दोन्ही बाजूंनी बघितली. एक भोक नाही.