रात्रीच्या लाईटमुळे अण्णांच्या झोपेला टाइमच राहिला नाही, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही वाळवा तालुक्यातले, सगळं रान उसाचं. अण्णा ७१ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. शेतीची थ्री फेज लाईट आळीपाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि रात्रीची पाळी असली की अण्णाच दारं धरायला (उसाला पाणी पाजायला) जाणार, आम्ही जातो म्हटलं तर ऐकतच नाहीत, लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो बसवलाय पण सरीत पाणी फिरवायला माणूस लागतोच ना. मग पहाटे येऊन झोपतात, उठायला नऊ वाजतात, नाष्टा उशिरा, गोळ्या उशिरा, दुपारी परत सोप्यात दोन तास आडवे. दिवसाची लाईट आली की परत रात्री नऊला झोप. रात्रपाळीच्या दिवसांत त्यांची उपाशीपोटीची शुगर वाढलेली दिसते आणि चिडचिड तर विचारूच नका.

मी आधी तास मोजत होतो, ६५ च्या पुढं ७-८ तास झोप पाहिजे म्हणतात ते कसंबसं भरतंय म्हणून गप्प होतो. पण २०२४ ला 'स्लीप' जर्नलमध्ये आलेला इंग्लंडकडचा अभ्यास वाचला, सुमारे ६० हजार लोकांच्या मनगटाला आठवडाभर यंत्र बांधून झोप मोजली, त्यात किती तास झोपले यापेक्षा रोज ठराविक वेळेला झोपतात-उठतात का यावरून मृत्यूच्या धोक्याचा अंदाज जास्त चांगला येत होता. आता आजारी माणसाची झोप आधीच विस्कटलेली असते हेही खरं, त्यामुळं सगळा दोष वेळेलाच देता येणार नाही, तरी मला काळजी लागून राहिलीय.

शेजारचे म्हणतात झोपेची गोळी द्या. ते मी करणार नाही, या वयात त्या गोळ्यांनी तोल जातो, गोंधळायला होतं, आणि हा माणूस अंधारात बांधावरनं चालणार.

मला विचारायचंय ते हे की झोपायची वेळ हातात नसेल तर निदान उठायची वेळ एकच ठेवून दुपारी अर्धा तास झोप असं कुणी घरात जमवलंय का? बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध आहे, ती रात्रपाळीत कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमचा अनुभव सांगा. आणि सौर कृषी वाहिनीवर (शेतीला दिवसा सोलरची वीज देणारी सरकारी योजना) ज्यांच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाईनला, दिवसाची लाईट चालू झालीय, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या झोपेत, शुगरमध्ये काही फरक पडला का?