ययाति अर्ध्यात ठेवली, याची लाज वाटावी का?

हळदीचा हिशेबनीस (सांगली)
मार्केट यार्डात एका अडत दुकानी हिशेब लिहितो. हळदीच्या सौद्यांचा जोर असतो तेव्हा रात्री उशिरापर्यंत पट्ट्या काढायच्या, वाचन कुठलं होतंय! सौदे मंदावले तसं ठरवलं, आपल्याच जिल्ह्यातल्या तिघांना वाचायचं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, अण्णा भाऊ साठेंची ‘फकिरा’ आणि वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. एक आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, दुसरे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, तिसरे तर खुद्द सांगलीत जन्मलेले.

माझं मत सरळ सांगतो. ‘बनगरवाडी’ पहिल्या नंबरवर. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, तालीम बांधून घेतो, आणि दुष्काळात वाडी उठून जाते. गोष्ट एवढीच. पण शेकूचा प्रसंग आठवा. दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीला जुवाखाली उभी राहते. लेखक त्यावर ना हळहळतो, ना भाषण करतो. बघितलं ते सांगितलं आणि पुढं निघाला. मी मात्र त्या पानावरून लवकर हललो नाही.

‘फकिरा’ पळते. राणोजी जोगणी, म्हणजे गावाच्या जत्रेचा मान, आणायला निघाला की पुस्तक खाली ठेवता येत नाही. थोडी पोवाड्याच्या अंगानं जाते, नायक जरा जास्तच उंच केलाय, पण चालतंय.

‘ययाति’ मात्र झेपली नाही. राजा असो, राणी असो, दासी असो, सगळे एकाच मास्तरांच्या हाताखाली निबंध लिहायला शिकल्यासारखे बोलतात. उपमा आली की तिच्यावर चिंतन, आणि चिंतन संपतंय तोवर दुसरी उपमा. ज्ञानपीठ मिळालंय म्हणून रेटायची का? मी अर्ध्यात ठेवली आणि मला काही वाटत नाही.

मिरजेच्या बाई
अहो हिशेबनीस, वाटायला हवं! मी हायस्कुलात मराठी शिकवलं, तेव्हा बाजू कुठली घेणार ते उघड आहे.

ती माणसं एकमेकांशी बोलत नाहीयेत हो. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच सांगतात. मागे वळून आयुष्याचा जाब देणारं माणूस बाजारात बोलतो तसं बोलेल का? आणि पुस्तक आलं 1959 साली. स्वातंत्र्याला बारा वर्षं झालेली. त्यागाच्या गोष्टी करणाऱ्या पिढीला आता सुख हवं होतं, आणखी हवं होतं. हा ययाति म्हणजे आजचा सामान्य माणूसच, असं खांडेकरांनी प्रस्तावनेत सांगून ठेवलंय. मुलाचं तारुण्य मागणारा बाप ही नुसती पुराणातली गंमत नाही. शर्मिष्ठा तान्ह्या पुरूला घेऊन वनवासात जाते तिथपर्यंत तरी पोचलात का?

हळदीचा हिशेबनीस (सांगली)
बाई, नमस्कार. तिथपर्यंत नाही पोचलो. पण लेखकाला काय म्हणायचंय ते प्रस्तावना वाचून कळावं लागत असेल तर पुढची चारशे पानं कशासाठी? माडगूळकरांनी दीडशेच्या आत आटोपलं आणि कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

वाळव्याचा गडी
ययातिचं तुम्ही दोघं बघून घ्या. मला ‘पोवाड्याच्या अंगानं’ या शब्दांवर बोलायचंय.

दादा, ज्या मांग जमातीवर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, जिच्या माणसांना गाव सोडायचं तर हजेरी देऊन जावं लागायचं, तिच्यातला एक माणूस दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांत वाटतो. शेवटी आपली माणसं सरकारनं डांबलीत म्हणून स्वतः हजर होतो. त्याला बुटका करून दाखवायचा का, म्हणजे तुम्हाला वास्तव वाटेल? सरकारी कागदात तो दरोडेखोर होता. अण्णा भाऊंनी तो कागद उलटा केला. पुस्तक कुणाला अर्पण केलंय बघा, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. पोवाडा, लावणी, तमाशा हे त्यांचं हत्यारच होतं. त्या हत्यारानं लिहिलं म्हणून मार्क कापायचे आणि माडगूळकर गप्प राहिले म्हणून वाढवायचे, ही मोजपट्टी कुणी दिली?

मिरजेच्या बाई
गड्या, अगदी बरोबर बोललास. आणि हिशेबनीस, तुमच्यासाठी एक माहिती: ‘फकिरा’सुद्धा 1959 चीच, आणि तिला प्रस्तावना आहे खांडेकरांची. ज्यांना तुम्ही निबंधवाले ठरवलंत त्यांनीच हा दुसऱ्या टोकाचा लेखक ओळखला होता.

माणदेशी
सगळे बनगरवाडीला हात जोडून उभे आहेत म्हणून जरा उलटं बोलतो. आमचं गाव आटपाडीच्या बाजूला.

ती कादंबरी मास्तरच्या डोळ्यांनी दिसते. मास्तर पगारी, बाहेरून आलेला, आणि वाडी उठली की बदली होऊन जाणारा. कारभाऱ्याची अंजी, आनंदा रामोशी, आयबू, यांच्या पोटात काय चाललंय ते मास्तरला जेवढं दिसलं तेवढंच आपल्याला दिसतं. ती बाई जुवाखाली उभी राहिली, तिला काय वाटलं? पुस्तकात नाही. तुम्ही त्याला संयम म्हणता. मला ते कधी कधी लांबून बघणं वाटतं. शहरात बसून वाचणाऱ्याला आमची गरिबी चित्रासारखी दिसते, छान गप्प, छान उन्हात. आता तर टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा आहेत, तरी पाहुणे विचारतात, ‘बनगरवाडीतलं माळरान कुठंय?’

पुस्तक वाईट नाही. मला आवडतंच. पण ययातिवर जो नियम लावलात तो इथंही लावा की.

हळदीचा हिशेबनीस (सांगली)
हे वाचून बरं वाटलं, कारण माझा मुद्दा यातच सुटतोय. मास्तर परका आहे हे लेखकानं लपवलेलं नाही. तो वाडीत गेल्यावर सुरुवातीला पोरं शाळेत येत नाहीत, कुणी धड बोलत नाही, कारभाऱ्याच्या आधाराशिवाय त्याचं पान हलत नाही. जे माहीत नाही ते माहीत असल्याचा आव आणला नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. ‘ययाति’त मात्र प्रत्येकाच्या मनातला कोपरा न् कोपरा खांडेकरांना आधीच ठाऊक आहे. माझ्यासाठी काही शिल्लकच नाही.

गडी, तुझ्याशी मी भांडत नाही. ‘चालतंय’ लिहिलं ते कमी पडलं असेल, पण विष्णुपंतांसारखा सज्जन कुलकर्णी आणि बापू खोतासारखा दुष्ट, इतकी स्पष्ट वाटणी मला सोपी वाटते. माझं तेवढंच.

साताऱ्याहून
मधेच तोंड घालतो. औंध आमच्या जिल्ह्यात, म्हणजे बनगरवाडीच्या मास्तरचा पगार आमच्याकडून गेला! बाकी 2019 च्या महापुरात तुमच्या सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं होतं ना? हल्ली ‘फकिरा’ची प्रत तिथं मिळते का, का विकतच घ्यायची?

वाळव्याचा गडी
विकत घ्या दादा, महाग नाही. वाटेगावात या, आम्ही दाखवतो सगळं.

हिशेबनीस, वाटणी सोपी म्हणता, पण विष्णुपंत स्वतः गावचे कुलकर्णी असून मांगांच्या बाजूनं उभे राहतात, हेच तर सोपं नाही. सरळ सूड घ्यायचा असता तर अण्णा भाऊंनी सगळे कुलकर्णी, सगळे पाटील एका माळेत ओवले असते. तसं केलं नाही.

मिरजेच्या बाई
आता माझं शेवटचं. हिशेबनीस, खांडेकरांना सगळं ठाऊक असतं म्हणता. पण देवयानीचा राग वाचा. ती स्वतःच्या तोंडून सांगते, आणि वाचताना सारखं वाटतं की बाई स्वतःलाच फसवतेय. ती एक सांगते, आपल्याला दुसरंच दिसतं. तिथं वाचकासाठी शिल्लक आहे की नाही?

हळदीचा हिशेबनीस (सांगली)
देवयानीपुरतं मान्य. ती पानं मलाही जिवंत वाटली होती. पण चार-दोन पानं जिवंत असली तर बाकीची का सोसायची, हे मला कुणी पटवलं नाही अजून. वाचनालयाची तारीख उलटायच्या आत शर्मिष्ठेचा तो भाग वाचतो, आवडला नाही तर तसंच लिहीन.

माणदेशी
लिहा. आणि पुढच्या वेळी आमच्याकडच्या एखाद्या बाईनं लिहिलेलं वाचा. तिघंही पुरुषच निवडलेत तुम्ही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही का?